शोकेसमधलं चित्रदालन: मापं रस्त्यावर उभं राहून घ्या

दुकानाच्या शोकेसमध्ये आजच्या चित्रकारांचं काम लावायचं ठरलं की बहुतेक जण आधी दुकानात शिरतात, भिंत बघतात, रंग ठरवतात. घोटाळा तिथेच होतो. ही गॅलरी बघणारा माणूस दुकानात येणारच नाही. तो हातात पिशवी घेऊन, मागचा हॉर्न ऐकत रस्त्याने चाललेला असतो. साध्या चालीने माणूस सेकंदाला सुमारे चार फूट जातो. सहा फुटांची काच ओलांडायला त्याला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात त्याचं पाऊल थबकलं पाहिजे. म्हणून उंची, प्रकाश, अक्षरं ही सगळी मापं रस्त्यावर उभं राहूनच घ्यायची.

गाळा निवडताना

गर्दी वेगळी आणि बघणारे वेगळे. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे माणसांना तोटा नाही, पण थांबायला जागा नाही. त्यापेक्षा गोलाईकडे येणाऱ्या एखाद्या रस्त्यावर थोडं मागे, जिथे झेरॉक्सचं दुकान, चहाची टपरी किंवा रिक्षा स्टँड आहे, तिथली काच जास्त कामाची. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी-पैठण गेटचा भाग असो की नांदेडात वजिराबाद, हिशेब हाच. माणूस कशाची तरी वाट बघत जिथे उभा असतो, तिथे त्याच्या नजरेसमोर काच हवी.

जागा पक्की करण्याआधी सकाळी अकरा, दुपारी चार आणि संध्याकाळी साडेसात अशा तीन वेळांना अर्धा-अर्धा तास तिथे बसा. चालत जाणारे आणि उभे राहणारे वेगवेगळे मोजा. दुचाकीवरचे मोजूच नका. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारा सेकंदात आठ मीटर पुढे निघून गेलेला असतो.

त्याच बैठकीत दुचाक्या कुठे लागतात तेही पाहा. आपल्याकडे गाड्या थेट दुकानाच्या पायरीला टेकवून लावतात. हँडल आणि आरसे मिळून रस्त्यापासून पावणेचार फुटांपर्यंतची काच झाकली जाते. हे आधी लक्षात आलं तर काम वर घेता येतं. उद्घाटनानंतर लक्षात आलं तर रोज गाड्या हलवायला सांगत बसावं लागतं आणि शेजारच्या दुकानदारांशी वाकडं येतं.

दुसरी मोठी गोष्ट शटरची. शटर काचेच्या बाहेरून पडत असेल तर दुकान बंद झालं की गॅलरीही बंद. उन्हाळ्यात माणसं उन्हं उतरल्यावरच बाहेर पडतात आणि रात्री जेवण झाल्यावर फेरफटका मारतात. नेमकं तेव्हाच शटर खाली असतं. म्हणून काचेपुरतं जाळीचं शटर वेगळं बसवून घ्या. फॅब्रिकेटरला सांगताना जाळीच्या पट्ट्या आडव्या ठेवायला सांगा आणि काच आणि शटर यांत किमान चार इंच अंतर ठेवा.

ऊन कुठून येतं

मराठवाड्यात शोकेस बिघडते ती मुख्यतः उन्हाने, त्यामुळे या भागावर वेळ घालवा. काच कोणत्या दिशेला आहे हे मोबाइलच्या होकायंत्रावर पाहा.

पश्चिमेची काच सगळ्यात वाईट. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते साडेसहा ऊन सरळ आत येतं. बाहेर ४२ अंश असताना बंद शोकेसच्या आतली हवा त्याहून कितीतरी जास्त तापते. ग्लू गनचा गोंद मऊ पडतो, दुहेरी टेप सुटते, मेणाचं काम वाकतं आणि ॲक्रिलिक रंगाचा पृष्ठभाग चिकट होऊन त्यावर धूळ कायमची बसते. पश्चिमेची जागा घ्यावीच लागली तर मार्च ते जून तिथे लोखंड, दगड, भाजलेली माती असंच काम ठेवा.

दक्षिणेची काच उन्हाळ्यात बरी असते आणि हिवाळ्यात फसवते. संभाजीनगर साधारण १९.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून फक्त ४७ अंशांच्या आसपास वर असतो. पाच फूट उंचीच्या काचेतून ऊन तेव्हा साडेचार फुटांहून जास्त आत जातं, म्हणजे तीन फूट खोल शोकेसची मागची भिंतही तापते. नोव्हेंबर ते जानेवारी तिथे जलरंग किंवा कापड नको.

उत्तरेची काच सगळ्यात चांगली, मात्र तिथे ऊन येतच नाही हा समज खोटा आहे. साधारण २० मे ते २४ जुलै या काळात संभाजीनगरात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. ते ऊन जवळजवळ उभं पडतं, त्यामुळे फूटभर छज्जा पुरतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मात्र छज्जाने अडत नाही. त्यासाठी काचेच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांच्या उभ्या फळ्या लावा. पूर्वेची काच चालते. दुकानं उघडून वर्दळ सुरू होईपर्यंत ऊन बरंचसं वर चढलेलं असतं, शिवाय सकाळचं ऊन तुलनेने सौम्य.

साधी काच अतिनील किरणांतला एक भागच अडवते, उरलेला आत येतो. यूव्ही फिल्म लावली तर तोही बराच थांबतो, पण दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतात. फिल्म लावली म्हणून निर्धास्त होऊ नका. हळदीचा पिवळा सगळ्यात आधी जातो, मग स्केचपेन, साधे इंकजेट प्रिंट, पोस्टर कलर. नैसर्गिक रंगातलं कापड किंवा वर्तमानपत्रावरचं काम महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नये.

चौकट, काच आणि मागची फळी

शोकेसची खोली तीन फूट ठेवा. दीड-दोन फुटांत दिवा नीट मारता येत नाही आणि शिल्प ठेवलं तर ते काचेला चिकटल्यासारखं दिसतं.

काच सहा बाय पाच फुटांची असेल तर ८ मिलिमीटर टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) काच घ्या. तिचं वजन साधारण ५५ किलो भरतं. उचलायला चार माणसं आणि सक्शनचे हँडल लागतात. टफन काच भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं तर अख्खी काच वाया. जुन्या बाजारातल्या भिंती क्वचितच गुण्यात (नेमक्या काटकोनात) असतात, तेव्हा रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा, शिवाय दोन्ही कर्ण. सगळ्यात लहान माप धरून चारी बाजूंना ४ मिलिमीटर सोडा आणि खाली रबराचे ठोकळे द्या. काच थेट लोखंडावर टेकली की एखाद्या दिवशी कोपऱ्यातून सुरुवात होऊन पूर्ण काच खळकन खाली येते. शटर नसेल किंवा ऊन जास्त असेल तर लॅमिनेटेड काच घ्या. मधल्या थरामुळे अतिनील किरण जवळजवळ सगळे थांबतात आणि फुटली तरी ती जागेवर राहते. महाग आहे, पण पश्चिमेच्या काचेला हा खर्च वाजवी आहे.

काच अगदी थोडी पुढे झुकवता आली तर फार फायदा होतो. वरची कड रस्त्याकडे तीन-चार इंच बाहेर आली की आकाशाऐवजी खालच्या फरशीचं प्रतिबिंब दिसतं, आणि फरशी आकाशापेक्षा पुष्कळ काळपट असते.

मागची भिंत १२ मिलिमीटर प्लायची, दीड बाय दोन इंचांच्या लाकडी चौकटीवर. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) स्वस्त आणि सपाट मिळतं, पण पावसाळ्यात खालची कड ओल पिऊन फुगते. प्लायला प्रायमर, दोन हात पुट्टी, घासकाम आणि मॅट इमल्शनचे दोन हात द्या. चमकदार रंग नको, त्यात दिवे दिसतात. पांढऱ्याशुभ्र रंगाऐवजी अगदी फिकट राखाडी घ्या. इथल्या धुळीत पांढरा आठवड्यात मळतो, शिवाय चित्रातला पांढरा त्यावर उठत नाही. रंग झाल्यावर आठ-दहा दिवस शोकेस उघडी ठेवा. बंद जागेत प्लाय आणि रंगाचा वास कोंडतो, आणि तो कागदाला चांगला नाही.

मागे दार हवं, किमान दोन फूट रुंद आणि दुकानाच्या बाजूला उघडणारं. दाराच्या कडांना फोमची पट्टी लावा. वर १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटर फॅन बाहेर हवा फेकणारा आणि खाली दुकानाच्या बाजूने बारीक जाळी आणि एसीच्या फिल्टरचा तुकडा लावलेलं भोक ठेवा. उलट्या दिशेने पंखा लावला तर तोच धूळ आत ओढतो. जाळीचं भोक पालीला शिरता येईल एवढं नसावं. पालीची घाण कॅनव्हासवर पडून वाळली तर पांढरा डाग राहतो आणि तो काढताना रंगही निघतो.

दिवे

दिवसा एक गोष्ट मान्य करून टाका: बाहेरच्या उन्हाला तुमचे दिवे हरवू शकत नाहीत. काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून साधारण आठ टक्के उजेड परत फिरतो. समोरची भिंत उन्हात न्हात असेल तर ते आठ टक्केही आतल्या चित्रावर भारी पडतात. यावर इलाज तीन. काचेवर अडीच-तीन फूट पुढे येणारं गडद कापडाचं छत, मोठ्या आकारांचं आणि उजळ रंगाचं काम, आणि ते काचेपासून फूटभर अंतरावर आणणं, म्हणजे बाहेरचाच उजेड त्याच्यावर पडतो. काळपट, बारीक रेषांचं चित्र दिवसा दिसतच नाही, समोर फक्त रस्ता दिसतो.

संध्याकाळी सगळं पालटतं. सहा फुटांच्या शोकेसला ९ वॉटचे चार ट्रॅक लाइट पुरतात. डब्यावर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असावं, नाहीतर तांबडे रंग तपकिरी दिसतात. रंगतापमान, म्हणजे उजेडाची पिवळसर-निळसर छटा, ३००० किंवा ४००० केल्विन, चारही दिवे सारखे. ६५०० चा निळसर पांढरा दिवा दुकानात सर्रास मिळतो, तो घेऊ नका. त्यात माणसाच्या कातडीचा आणि मातीचा रंग मरतो आणि पावसाळ्यात पाखरंही जास्त येतात. दोन दिवे २४ अंशांच्या झोताचे कामावर, दोन ३६ अंशांचे भिंतीवर.

दिवा चित्राच्या मध्यापासून अडीच फूट पुढे आणि सव्वाचार फूट वर असला की झोत उभ्या रेषेपासून ३० अंशांत पडतो. त्याहून सरळ आला तर कॅनव्हासवर चकाकी येते, त्याहून उभा आला तर फ्रेमची लांब सावली पडते. दिव्यांसमोर, काचेच्या वरच्या कडेला आतून आठ इंचांची पट्टी लावा, म्हणजे उघडा बल्ब रस्त्यावरून डोळ्यात जाणार नाही. कागद आणि कापडाला ५० लक्स (कामावर पडणाऱ्या उजेडाचं माप), तैलरंगाला २०० लक्सपर्यंत हा संग्रहालयांचा संकेत आहे. महिनाभराच्या प्रदर्शनाला थोडं जास्त चालतं, पण दिवसाचं ऊन त्यात मोजायला विसरू नका. लक्स मोबाइलच्या ॲपवर अंदाजे कळतात. तोच मोबाइल कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतो, दुकानदाराला परत करा. लोक फोटो-व्हिडिओ काढणार आहेत, त्यात ते पट्टे येतील.

चार दिवे पाच तास चालले तर दिवसाला ०.१८ युनिट, महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास. व्यावसायिक दराने हिशेब काढून दुकानदाराला दरमहा ठरावीक रक्कम द्या, मागायची वेळ आणू नका. वेगळा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि टायमर हे वायरमनकडून करून घ्या. वीज गेल्यावर बाजारात एकच उजळलेली काच राहिली तर सगळे तिकडेच बघतात. १२ व्होल्ट २० अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी वापरली तरी ३६ वॉट तीन तास चालतात.

काम निवडणं आणि टांगणं

एक काम. फार तर तीन. दीड सेकंदात माणूस दहा चित्रं बघत नाही, दहा लावली तर तो एकही बघत नाही. फ्रेमला काच असेल तर ती काढा, काचेआड काच म्हणजे दुप्पट प्रतिबिंब.

१९६१ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या बॉनविट टेलर या दुकानाच्या शोकेसमध्ये अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची चित्रं लागली होती, तीही कपडे घातलेल्या पुतळ्यांच्या मागे. आपल्या दुकानदारालाही वाटेल की समोर एक साडी नेसवलेला पुतळा ठेवला तर काय बिघडतं. बिघडतं. साडी आली की माणूस भाव बघतो, चित्र तिची पार्श्वभूमी होतं. हे पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोलून घ्या. दसरा ते दिवाळी त्याला शोकेस मालासाठी हवी असेल तर ते आठवडे त्याचे, उरलेलं वर्ष तुमचं.

चित्रकार शोधायला लांब जावं लागत नाही. संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातले विद्यार्थी, तालुक्यातले चित्रकला शिक्षक, दुकानाच्या पाट्या रंगवणारे पेंटर यांच्याकडे उत्तम काम पडून असतं. अजिंठ्याच्या प्रतिकृती मागू नका, त्या पर्यटकांच्या दुकानांत पुष्कळ आहेत. इथे आजचं काम दिसलं पाहिजे. ऊसतोडीला गेलेल्या घराचं कुलूप, टँकरची रांग, कापसाची गाडी हे विषय रस्त्यावरच्या माणसाला स्पष्टीकरणाशिवाय कळतात. आणि जे लगेच कळत नाही असं अमूर्त कामही लावा. महिनाभर रोज समोरून जाताना ते ओळखीचं होतं, ही सोय मोठ्या गॅलरीत नाही.

गोणपाट, काळी माती, ज्वारीची कणसं असं साहित्य हल्ली कामात येतं. काळी माती वाळताना आकसते आणि फेविकॉल घातला तरी भेगा पडतात. खाली ट्रे ठेवा आणि भेगा कामाचाच भाग आहेत का हे चित्रकाराला आधी विचारा. कणसं आणि धान्य डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवून मगच आत आणा, नाहीतर किडे होतात आणि मागोमाग उंदीर. डांबराच्या गोळ्या थर्माकोलच्या कामाजवळ नकोत, त्यांच्या वाफेने थर्माकोल झिजतो.

चित्राचा मध्य रस्त्यापासून पाच फुटांवर. दुकानाचं जोतं दीड फूट उंच असेल तर आतून मोजताना तो साडेतीन फुटांवर येतो. आत उभं राहून बघणाऱ्याला हे फार खाली वाटतं आणि तो हमखास वर घेतो. घेऊ देऊ नका. समोर दुचाक्या लागत असतील तर मध्य साडेपाच फुटांवर आणि खालची कड पावणेचार फुटांच्या वर. टांगायला नायलॉनची दोरी नको, उष्णतेने ती ताणते आणि फ्रेम कलते. दीड मिलिमीटरची स्टीलची तार आणि दोन हूक, किंवा ४५ अंशांत कापलेल्या लाकडी पट्ट्यांची जोडी: एक भिंतीला, एक फ्रेमला, एकमेकींत अडकणारी. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलकेच ठोका. उन्हाळ्यात तो ताणला जातो, तेव्हा ठोकू नका.

काचेवरची अक्षरं

दहा फुटांवरून वाचायला अक्षर किमान एक इंच उंच हवं. रस्त्याच्या पलीकडून, तीस फुटांवरून, तीन इंच. गॅलरीचं नाव पांढऱ्या रेडियममध्ये उलटं कापून काचेच्या आतून लावा, बाहेरून लावलेलं मुलं नखाने काढतात. जाड, सारख्या रेषेचा फाँट निवडा. रेडियम सोलताना अनुस्वार, रफार आणि वेलांटीची टोकं सगळ्यात आधी निघतात. काम लावून झाल्यावर एकेक शब्द मोठ्याने वाचून टिंबं मोजा.

माहितीची पाटी काचेच्या एका कडेला, साडेचार फूट उंचीवर: चित्रकाराचं नाव, गाव, कामाचं शीर्षक, माध्यम, वर्ष आणि तीन वाक्यं. अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. संभाजीनगर, नांदेड, परभणीत उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत, तेव्हा मराठीखाली उर्दू मजकूर द्या, आणि तो जाणकाराकडून लिहून घ्या. क्यूआर कोड दोन इंचांचा, भोवती पांढरी कड सोडून आतून काचेला चिकटवलेला. दोन फुटांहून दूर उभं राहून तो स्कॅन होईलच असं नाही, म्हणून त्याच्या समोर दुचाकी उभी राहणार नाही अशी जागा निवडा. त्यामागे लांब लेख ठेवण्यापेक्षा चित्रकाराच्या आवाजातलं एक मिनिटाचं बोलणं ठेवा, मराठवाडी बोलीत असेल तर फारच छान.

दुकानावर वेगळी नावाची पाटी लावणार असाल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात छोट्या दुकानांनाही देवनागरीतलं मराठी नाव आधी आणि इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरात बंधनकारक आहे. फुटपाथवर स्टँड ठेवू नका, ते अतिक्रमण ठरतं.

कागदपत्रं

दुकानदाराशी अकरा महिन्यांचा साधा लेखी करार करा. काच फुटली तर खर्च कोणाचा, किल्ली कोणाकडे, दिवे कधीपर्यंत, दिवाळीचे आठवडे कोणते, एवढं त्यात असावं. गाळा पालिकेचा किंवा ट्रस्टचा असेल तर मूळ करारातली पोटभाड्याची अट आधी वाचा.

चित्रकाराशी दुसरा कागद: कामाचं माप, माध्यम, किंमत, तारखा, आणणं-नेणं कोणी करायचं, आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे फोटो, विक्री झाली तर वाटा. ऊन आणि धुळीचा धोका त्याला स्पष्ट शब्दांत लिहून द्या. काम विकलं तरी त्याची मोडतोड होऊ नये हा चित्रकाराचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सेहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला, तो याच कलमावर. शोकेसमध्ये बसावं म्हणून कडा कापणं, कॅनव्हासला भोक पाडणं असली कामं विचारल्याशिवाय करायची नाहीत.

देखभाल आणि बदल

काच रोज सकाळी ऊन येण्याआधी पुसा. तापलेल्या काचेवर पाणी लगेच वाळतं आणि ओघळ राहतात. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्षारांचे पांढरे ठिपके बसतात आणि मग खरवडावे लागतात. आरओचं पाणी आणि थोडं स्पिरिट घ्या. आधी मऊ ब्रशने धूळ झाडा, मग ओला मायक्रोफायबर, मग कोरडा. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं की वाळूच्या कणाने बारीक रेघा पडतात आणि रात्री दिव्यात त्या सगळ्या चमकतात.

आत एक डिजिटल तापमान-आर्द्रता मापक ठेवा आणि आकडे वहीत टिपा. मृग लागण्याआधी काचेच्या कडेचं सिलिकॉन आणि खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं तपासा. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की पंखा बंद करून फटी झाका आणि सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की पिशवीतून काढून कढईत मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात, पण ती कढई स्वयंपाकाला परत नको.

प्रदर्शन चार ते सहा आठवड्यांनी बदला. त्याहून जास्त ठेवलं तर रोजचा माणूस बघणं सोडतो. बदलाचं काम दुपारी दीड ते चारमध्ये करा, पण काचेला कागद लावून झाकू नका. चित्र टांगताना बघायला माणसं उभी राहतात, प्रश्न विचारतात, संध्याकाळी पोरांना घेऊन परत येतात. एक जण आत टांगतो तेव्हा दुसरा बाहेर रस्त्यावर उभा हवा, उंची आणि दिव्याचा कोन सांगायला. काम उतरवलं की भोकं पुट्टीने भरा, घासा, एक हात रंग मारा, मागच्या फोटोंशी ताडून ओरखडे तपासा आणि चित्रकाराची सही घेऊनच काम त्याच्या हवाली करा.